पॉट नंबर चार

"घाल बाळ हात, लाजू नकोस," सासने अण्णा माइकवर म्हणाले, आणि मी नथ सावरत माशांच्या भांड्यावर वाकले.

हो, माशांचंच भांडं. अण्णांनी टीव्हीवर फुटबॉल वर्ल्ड कपचा ड्रॉ, म्हणजे कुठली टीम कुठल्या गटात ते ठरवायचा सोहळा, बघितला होता. तिथं काचेची मोठमोठी भांडी असतात, त्यात चेंडू असतात, सुटाबुटातला माणूस एकेक चेंडू उघडतो, आतून चिठ्ठी निघते आणि देशोदेशीचे लोक श्वास रोखून बघत बसतात. आपल्या फुटबॉल मंडळाच्या शालेय मुलींच्या स्पर्धेचा ड्रॉसुद्धा अस्साच झाला पाहिजे, असं अण्णांच्या मनानं घेतलं. मंडळाचे अध्यक्षच ते, त्यांच्या मनानं घेतलं की झालं. ओळखीच्या मत्स्यालयवाल्याकडून चार भांडी आली. मासे काढले होते, वास काढायचा राहिला होता. तिसऱ्या भांड्याच्या तळाशी तर निळे खडेही तसेच होते.

आणि सुटाबुटातल्या माणसाच्या जागी मी. आठवीतली शर्वरी इंगवले, शांतादेवी कन्या प्रशालेची गोलकीपर, नऊवारीत. प्रमुख पाहुण्यांना आपली संस्कृती दिसली पाहिजे होती. गोलकीपरला चेंडू धरायची सवय असते, एवढा विचार करून मला निवडलं असेल म्हणता? छे. "हिचे डोळे मोठे आहेत, फोटोत चांगली येईल," असं अण्णांनी आमच्या खेळाच्या जरग मॅडमना माझ्यासमोरच सांगितलं होतं. चेंडू, भांडं आणि मी, तिघंही सजावटीतच धरलेले.

"थांबा, थांबा, थांबा!" प्राध्यापक हळदकर स्टेजवर धावत आले. "आधी क्रमवारी! क्रमवारी दाखवल्याशिवाय चेंडूला हात लावायचा नाही!"

मी हात मागे घेतला. 

हळदकर सर म्हणजे मंडळाच्या क्रमवारी समितीचे अध्यक्ष आणि एकमेव सदस्य. आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर ते सगळं संख्याशास्त्र फुटबॉलवर मोकळं सोडलं. जगातल्या कुठल्या देशाचा क्रमांक गेल्या महिन्यात किती होता आणि या महिन्यात किती झाला, हे त्यांना झोपेतून उठवून विचारावं. मैदानात मात्र ते कधी दिसायचे नाहीत. धूळ सोसत नाही म्हणायचे.

पहिल्या रांगेत आमची टीम बसली होती. मधोमध तबूदी. तबस्सुम मुल्लाणी, आमची कॅप्टन, दहावीतली. तिचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. आणि नेमकं याच वर्षी अण्णांनी जाहीर केलं होतं, की जिंकणारी टीम पोखऱ्याला जाणार. नेपाळात! सहा देशांतल्या शाळकरी मुलींची स्पर्धा! तबूदीनं त्या दिवसापासून घरात, शाळेत, दळणाच्या रांगेत, सगळीकडं पोखरा एके पोखरा लावलं होतं. पोखऱ्यात थंडी असते म्हणून तिच्या अम्मीनं फेब्रुवारीच्या उन्हात स्वेटर विणायला घेतला होता. अम्मी, अब्बा, दोन चुलत्या आणि निम्मी गल्ली हॉलमध्ये मागं बसली होती, कारण गेल्या वर्षीची चॅम्पियन टीम म्हणून आमचं नाव पहिलं पुकारणार, हे उघडच होतं.

दिवे बंद झाले. पडद्यावर क्रमवारी उमटली.

पॉट एक, म्हणजे पहिलं भांडं, वरच्या चार टीमचं. पहिला क्रमांक, विश्वविजय इंग्लिश मीडियम स्कूल. आमच्या टीममध्ये खसखस पिकली. विश्वविजयच्या मुलींची टीम तीन आठवड्यांपूर्वी बास्केटबॉलच्या पोरी गोळा करून बनवली होती. सरावाच्या मॅचमध्ये त्यांची सेंटर फॉरवर्ड बॉल हातात उचलून टप्पे मारत धावली होती. विश्वविजय अण्णांची शाळा, हेही इथंच सांगून टाकते.

दुसरा, तिसरा, चौथा. आम्ही नाही. पॉट दोन. आम्ही नाही. पॉट तीन. आम्ही नाही. खसखस थांबली. 

पॉट चार. तेरावा क्रमांक कमलाताई कन्या शाळा, चौदावा भागीरथी गर्ल्स, पंधरावा रुक्मिणी कन्या विद्यालय. आणि सगळ्यात खाली, पडद्याच्या काठाला टेकून: सोळावा, शांतादेवी कन्या प्रशाला. गुण शून्य.

"आत्ता गं बया," कुणीतरी म्हणालं. मला वाटतं मीच म्हणाले, आणि ते माइकवर गेलं.

तबूदी ताडकन उभी राहिली. "सर, खाली डोकं वर पाय झालंय ते! पडदा उलटा लावलाय काय?"

हॉल हसला. हळदकर सर हसले नाहीत. जरग मॅडम एव्हाना स्टेजच्या पायऱ्या चढून आल्या होत्या.

"सर, काहीतरी चुकलंय."

"चुकायला तो काय अंदाज आहे मॅडम? शास्त्रीय पद्धत आहे. गेल्या चार वर्षांचे निकाल. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. मग प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीचा गुणक, मग स्पर्धेच्या महत्त्वाचा गुणक..."

"गेल्या वर्षी मुलींचा चषक आम्ही जिंकला. तुमच्याच हातून घेतला सर. त्याचे गुण कुठायत?"

"आहेत की. त्याला गुणक शून्य आहे."

"शून्य का?"

"मुलींची स्पर्धा प्रोत्साहनपर आहे ना मॅडम! तिचे गुण धरले तर मुलग्यांवर अन्याय होईल."

मॅडमनी डोळे मिटून उघडले. "मग ही क्रमवारी कुणाची?"

"शाळांची. शाळेच्या मुलग्यांची कामगिरी म्हणजेच शाळेची कामगिरी."

"आमच्या शाळेत मुलगे नाहीत."

"म्हणूनच शून्य," हळदकर सर अगदी मायेनं म्हणाले. "यात तुमची काहीही चूक नाही."

मी नथ सावरत बघत होते. मुलींच्या स्पर्धेत मुलींचा क्रमांक मुलग्यांनी मारलेल्या गोलांवर! उद्या गाण्याच्या परीक्षेत आम्हाला दादाच्या आवाजावर मार्क देतील. मला एवढं हसू येत होतं आणि एवढा राग येत होता, की दोन्हींची आत मारामारी चालली होती.

आणि ती क्रमवारी नुसती शोभेची नव्हती, तिच्यामागून बरंच काही येत होतं. पॉट एकच्या टीमना ट्रॅकसूट. मॅच संध्याकाळी, दिव्याखाली, मुख्य मैदानावर. पॉट चारच्या टीमना ट्रॅकसूट नाही, मॅच कुणाशीही असली तरी भर दुपारी, मागच्या मुरमाड मैदानावर, जिथं पडलं की गुडघ्याचं साल तिथंच ठेवून उठायचं. 

तबूदी स्टेजखाली येऊन उभी होती. "अण्णा, आम्ही नाही खेळणार असल्यात. सांगालोय मी." (आमच्या कोल्हापुरात पोरी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. पुण्याच्या मावश्यांनी कान झाकून घ्यावेत.)

चॅम्पियन टीम खेळणार नाही म्हटल्यावर प्रमुख पाहुण्यांनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी दोन्ही हात पसरले. काही द्यायचं असलं की ते असेच हात पसरतात, म्हणजे फोटो नीट येतो.

"अरे, लेकींची नाराजी कशाला? हळदकर, एक खास बाब म्हणून शांतादेवीला पॉट एकमध्ये घ्या. वरच्यातल्या कुणाला तरी खाली टाका. झालं? हसा आता!"

तबूदीचा चेहरा उजळला. मागं अम्मीनं टाळ्या वाजवल्या. मॅडमनीसुद्धा सुटकेचा श्वास टाकला.

माझं लक्ष मात्र पडद्यावर होतं. पॉट चारवर. चार नावं. मी ती एकदा वाचली, दोनदा वाचली, तिसऱ्यांदा बोटांवर मोजली.

मी माइक ओढला.

"अण्णा, नको."

"काय नको बाळ?"

"पॉट एक नको. आम्ही चारमध्येच बऱ्या. आम्हाला क्रमवारी मान्य आहे."

हळदकर सरांनी मला मिठीच मारली असती, पण मध्ये भांडं होतं. "बघा! आठवीतल्या पोरीला कळलं! याला म्हणतात खिलाडूवृत्ती!"

"शरू, काय बोलालीस तू?" तबूदी खालून ओरडली. "मॅडम, तिला गप करा!"

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. मी डोळ्यांनीच पडद्यावरची चार नावं दाखवली. मॅडमनी ती वाचली. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला, मग त्यांनी घाईघाईनं तो परत गंभीर केला. 

"शर्वरी बरोबर बोलतेय," त्या म्हणाल्या. "आम्ही चारमध्ये राहतो."

मग मी हात घातला. एकेका भांड्यातून एकेक चेंडू, असे चार गट पडले. टाळ्या, फोटो, संस्कृती.

नऊवारी सोडायला आत गेले, तर तबूदी दार अडवून उभी.

"मला सांग. तुला कुणी कॅप्टन केलंय?"

"तबूदी, ऐक तरी..."

"माझं शेवटचं वर्ष आहे. तुला अजून दोन आहेत. म्हणून असलं सुचतंय तुला! सगळ्यांसमोर 'आम्हाला मान्य आहे' म्हणे! शून्य मान्य आहे तुला?"

"आता गेल्या वर्षीचं आठव," मी पिना तोंडात धरून म्हणाले. "साध्या चिठ्ठ्या काढल्या होत्या. काय झालं? आपण, रुक्मिणी आणि भागीरथी एकाच गटात. गटातनं एकच टीम पुढं. आपण कसंबसं वाचलो, गोल फरकावर. आठवतंय का?"

"मग?"

"यंदा या कन्या शाळा कुठायत बघ. चारही पॉट चारमध्ये. सगळ्यांचं शून्य, कारण कुणाकडंच मुलगे नाहीत. एका भांड्यातल्या टीम एका गटात येत नाहीत. म्हणजे रुक्मिणी, भागीरथी, कमलाताई, कुणीच आपल्या गटात येऊ शकत नाही. गावात मुलींच्या धड टीम आहेतच चार. हळदकर सरांनी त्या चौघींना एकाच भांड्यात घालून एकमेकींपासून लांब ठेवलंय. स्वतःला न कळता! आणि आपण वर गेलो असतो, तर खालच्या भांड्यातली एखादी रुक्मिणी सरळ आपल्याच गळ्यात पडली असती."

तबूदीनं दारावरचा हात काढला. तिला गणित कळलं होतं, हे मला तिच्या भुवयांवरनं कळलं. मला वाटलं, आता ही मला उचलून घेणार.

"तुझं गणित बरोबर असंल," ती म्हणाली. "खरं माझी अम्मी मागं बसली होती. तिनं आपलं नाव तळाला बघितलं. आणि ते वर जाताना माझ्याच टीममधल्या पोरीनं परत खाली ओढताना बघितलं. ते तू कुठल्या गटात घालणार?"

आणि ती निघून गेली. मी नथ हातात धरून उभी. त्या दिवशीपर्यंत मला वाटायचं, हुशार असलं की माणसं खूशच होतात.

पुढचे दिवस ती माझ्याशी मैदानावर लागतील तेवढेच शब्द बोलली. 'सोड.' 'माझी.' 'डावीकडं.' मॅच संपली की तोंड फिरवून पाणी प्यायला. पण खेळली मात्र अशी, की तिच्या पायात कुणीतरी राग ठासून भरला होता. त्या मुरमाड मैदानावर, टळटळीत उन्हात, ती प्रत्येक गोल मारल्यावर मंडळाच्या ऑफिसच्या खिडकीकडं बघायची. खिडकी बंद. आत एसी. 

आमच्या गटात पॉट एकमधनं विश्वविजयच आली होती. त्यांची कॅप्टन केतकी दाभोळे, ताडमाड उंच आणि स्वभावानं लोण्यासारखी. पहिल्या मिनिटाला ती रेफ्रीला विचारायला गेली, "सर, आम्ही कुठल्या बाजूला गोल मारायचाय?" सात शून्य झाले. सामना संपल्यावर तिनं आम्हा सगळ्यांशी हात मिळवले आणि म्हणाली, "तुम्ही कसल्या भारी आहात गं! मला ते टाचेनं मारायचं शिकवाल?" तबूदीनं तिला तिथंच दहा मिनिटं शिकवलं. माझ्याशी न बोलणारी तबूदी!

आणि सेमीफायनलला कोण आलं, सांगायलाच नको. शांतादेवी, रुक्मिणी, भागीरथी, कमलाताई. पॉट चार आख्खाच्या आख्खा. पॉट एक, दोन, तीनमधल्या बाराच्या बारा टीम घरी. तरी मंडळाच्या भिंतीवरची क्रमवारी तिथंच. तिला ऊन लागत नव्हतं, वारा लागत नव्हता, निकाल तर मुळीच लागत नव्हते.

फायनल आमची आणि रुक्मिणीची. एक एक बरोबरी, मग पेनल्टी. त्यांची कॅप्टन गौतमी चौगुले. तिच्या किकला मी डावीकडं झेपावले आणि बॉल माझ्या मनगटाला लागून खांबावर गेला. शेवटची आमची, तबूदीची. तिनं जास्त पावलं घेतली नाहीत, काही नाही. गोल. मग सगळ्या पोरी अंगावर पडल्या, आणि त्या ढिगात खाली कुठंतरी तबूदीनं माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. धपाट्याचा अर्थ विचारायची सोय नव्हती, मी घेतला आपला.

बक्षीस समारंभाला सगळ्या टीम बसवल्या होत्या, कारण सर्टिफिकेट आणि भडंगाची पाकिटं शेवटी वाटणार होते. मंडळाला माणसं बसवून ठेवायची कला येते.

हळदकर सर बोलायला उठले. "ही स्पर्धा म्हणजे संख्याशास्त्राच्या इतिहासातला चमत्कार आहे. तळाच्या चारही संघांनी उपांत्य फेरी गाठावी, याची शक्यता मी काल काढली. ती इतकी कमी आहे, की हे घडणं जवळपास अशक्य आहे."

"घडलंय की सर," मागनं कुणीतरी म्हणालं.

"तोच तर चमत्कार!"

चषक तबूदीच्या हातात आला. तिनं तो लगेच खाली ठेवला आणि अण्णांकडं बघत राहिली. आता पोखरा. मागं अम्मी उभीच राहिली होती, पिशवीतनं स्वेटरची बाही बाहेर आली होती.

अण्णांनी घसा खाकरला. "आता, पोखऱ्याविषयी. हळदकर, तुम्हीच सांगा."

हळदकर सरांनी चष्मा लावला. "आंतरराष्ट्रीय स्पर्धांचं असं असतं की नावं आधी कळवावी लागतात. ड्रॉच्या दिवशीच मुदत होती. तेव्हा स्पर्धा झालेली नव्हती. म्हणजे आपल्याकडं एकच भक्कम आधार होता, क्रमवारी. त्यानुसार क्रमांक एकचं नाव गेलेलं आहे. विश्वविजय इंग्लिश मीडियम स्कूलचं हार्दिक अभिनंदन!"

टाळी एकच वाजली. अण्णांची.

"अण्णा, जिंकेल ती टीम जाणार म्हणाला होतात!" मॅडमचा आवाज चिरकला.

"म्हणालो होतो. माझा हेतू तोच होता. पण नियमापुढं अध्यक्षसुद्धा लहान असतो."

"नाव बदलता येत नाही?"

"येतं ना," हळदकर सर म्हणाले. "पहिल्या क्रमांकानं जाहीर नकार दिला तर दुसरा. दुसऱ्यानं दिला तर तिसरा. पण परदेशी जायची संधी नाकारेल कोण? आणि मॅडम, तुमच्याच विद्यार्थिनीनं या स्टेजवर क्रमवारी मान्य केली होती. माइकवर!"

तबूदीनं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली आणि बुटाच्या लेस सोडायला लागली, जणू आता बुटांचं काही कामच उरलं नव्हतं.

तेवढ्यात एक उंच सावली स्टेजवर चढली. केतकी. कुणी बोलावलं नव्हतं. तिनं वाकून माइक तोंडाशी घेतला.

"आम्ही नाही जाणार."

"बाळ, तू घाबरू नकोस..." अण्णा म्हणाले.

"घाबरत नाही हो अण्णा. पण मला अजून ऑफसाइड म्हणजे काय ते कळलेलं नाही. आमच्या गोलकीपरला तर बॉल आला की डोळे मिटायची सवय आहे. तिथं सहा देश असणार. एवढ्या लांब जाऊन कशाला हसं करून घ्यायचं? नकार. जाहीर."

हॉलमध्ये शिट्टी वाजली. अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांच्याच शाळेची पोरगी! हळदकर सर क्रमवारी घडी घालून खिशात ठेवायला लागले. "हा विषय आपण समितीपुढं ठेवू."

मी उठले. आठवीतली मी, भडंगाच्या रांगेतली.

"सर, समिती म्हणजे तुम्हीच. आणि तुम्ही इथंच आहात की. क्रमवारी मला मान्य आहे म्हणालो होतो ना? अजून मान्य आहे. वाचा पुढची. दुसरा क्रमांक कोण?"

"वाचा! वाचा!" हॉल ओरडला.

हळदकर सरांनी घडी उघडली. दुसऱ्या क्रमांकाची कॅप्टन जागेवरूनच म्हणाली, "नको सर, ज्या जिंकल्यात त्यांना पाठवा." तिसरीनं नुसते हात जोडले. चौथ्या शाळेच्या सरांनी मात्र आपल्या पोरीचं कोपर धरलं. "हो म्हण. विमानानं नेतात. हो म्हण गं!" पोरगी उभी राहिली. गोरीमोरी. तिनं सरांकडं बघितलं, तबूदीकडं बघितलं. तबूदी लेसच सोडत होती. मागं अम्मीच्या बांगड्या वाजल्या.

"सर, यांनी आम्हाला सराव सामन्यात नऊ मारले होते," ती आपल्या सरांना म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, तोंड दाखवू नका. आता पोखऱ्याला दाखवू?"

हशा असा उठला की सरांनी कोपर सोडून दिलं.

मग तर गंमतच सुरू झाली. पाचवी नको, सहावी नको. नाव पुकारलं की कॅप्टन उठायची, नकार म्हणायची, टाळ्या पडायच्या. हळदकर सरांना स्वतःचीच क्रमवारी एकेक पायरी उतरावी लागत होती, आणि प्रत्येक पायरीवर त्यांचा आवाज लहान होत होता. बाराव्यापर्यंत आले. मग कमलाताई, मग भागीरथी. "त्या जिंकल्यात, आम्ही कशाला?"

"पंधरावा. रुक्मिणी कन्या विद्यालय."

गौतमी चौगुले उभी राहिली. ही बाकीच्यांसारखी नव्हती. ही जवळजवळ आमच्याइतकीच चांगली होती. तिची किक खांबाला लागून बाहेर गेली होती, आत गेली असती तर चषक तिचा. तिचं नाव आमच्या वर होतं. ती हो म्हणाली असती तर कुणी एक शब्द बोलू शकलं नसतं, मी तर मुळीच नाही. क्रमवारी मान्य असलेली मी.

तिनं खाली ठेवलेल्या चषकाकडं बघितलं.

"मला जायचंय," ती म्हणाली. "लई जायचंय."

हळदकर सरांचा चेहरा फुलला. "मग हो म्हण ना बाळ! नियमानं तुझंच आहे."

गौतमीनं डोळे पुसले, आणि त्यांच्याकडं असं बघितलं, की मी त्यांच्या जागी असते तर स्टेजवरनं उतरलेच असते. "नियमानं नको. पुढच्या वर्षी जिंकून घेतो मी. वाचा तुम्ही, खाली अजून एक नाव आहे."

हळदकर सरांनी कागद तोंडाजवळ धरला. 

"सोळावा," ते पुटपुटले. "शांतादेवी."

हॉल उठून उभा राहिला, पंधरा टीम, भडंगवाले, सगळे. मॅडम रडत होत्या, अम्मी स्वेटर झेंड्यासारखा हलवत होती. आमच्या पोरी तबूदीला ओढत होत्या, ऊठ की, ऊठ की. ती उठली नाही. तिनं आधी सोडलेली लेस परत बांधली. एका बुटाची. मग दुसऱ्याची, गाठीवर गाठ मारून. सगळं गाव उभं आणि ही बसलेली.

मग तिनं मान वर केली, त्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं आणि म्हणाली,

"शरू, त्यांना सांग, असं तोंडातल्या तोंडात चालणार नाही. शाळेचं पूर्ण नाव, कॅप्टनचं पूर्ण नाव. आणि माइक जवळ घेऊन. अम्मी मागं उभी आहे."

मी जाऊन सांगितलं. शब्दाला शब्द.

हळदकर सरांनी माइक जवळ घेतला.